गवताच्या गाडीचं काय करायचं?

आमच्या फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली एक पत्र अडकवलेलं आहे. त्याला आज अठरा दिवस झाले. पत्र एका शाळेचं आहे. त्यात विचारलंय एवढंच, की मैदानावरचं गवत कापायचं मशीन दुरुस्त करावं की मोडीत काढून नवीन घ्यावं, याबद्दल आपलं लेखी मत कळवावं. सुमन, म्हणजे माझी बायको, दूध काढायला फ्रिज उघडते, पत्र बघते आणि म्हणते, "अहो, दोनच तर पर्याय आहेत. चिठ्ठ्या टाका आणि मोकळे व्हा!"

बोलायला काय जातंय तिचं! मी सातपूरला चाळीस वर्षं छोट्या इंजिनांचं वर्कशॉप चालवलं. फवारणीचे पंप, पॉवर टिलर, जनरेटर आणि गवताची मशीनं. हे ठेवा, ते टाका, असं लोकांना सांगण्यावरच माझं पोट चाललं. गेल्या पाडव्याला गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून शटर ओढलं, तरी जुनी गिऱ्हाइकं विचारत असतात आणि मी ऐटीत सल्ला देत असतो. या एका पत्रापुढे मात्र मी हात टेकलेत. त्याचं कारण सांगायचं तर आधी मशीन सांगायला पाहिजे.

बसून चालवायचं गवत कापायचं मशीन बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. लहानसा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पोटाखाली एक मोठी उलटी परात टांगलेली असते आणि परातीत दोन पाती गरगरत असतात. माणूस वर बसून स्टिअरिंग धरतो, मशीन पुढे जातं, गवत कापलं जातं. संपलं शास्त्र. हे मशीन किलोमीटर मोजत नाही, तास मोजतं. आपल्या नाशकात ती आली मोठ्या शाळा, धरणाकाठची रिसॉर्टं आणि वायनऱ्या यांच्यामागोमाग. नावं प्रत्येकाची वेगळी. कोणी छोटा ट्रॅक्टर म्हणतं, कोणी गवताची गाडी.

आणि गिऱ्हाइकं काय एकेक! पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदारानं कुठल्याशा लिलावात असं मशीन उचललं आणि ओळींमधलं गवत कापायला थेट बागेत घातलं. पहिल्याच फेरीत वेलींच्या मांडवाच्या तारेनं त्याची टोपी उचलली ती वरच राहिली. दुसऱ्या फेरीत कपाळाला आडवा वळ. संध्याकाळी टेम्पोत मशीन घालून माझ्याकडे हजर. "नाना, हे जरा बुटकं करून द्या." मी म्हटलं, "मशीनला काही झालेलं नाही, मालक. उंच तुम्ही आहात." चहा न पिता गेला, पण पुढच्या महिन्यात पंप घेऊन आला, तेव्हा हसत होता.

दुसरा एक रिसॉर्टवाला. त्याच्याकडच्या लग्नात नवरदेवाला घोड्याऐवजी या मशीनवरून मांडवात आणायचं ठरलं. फुलं लावली, फुगे लावले. नवरदेवाच्या हाताखाली पाती सुरू करायचा दांडा आहे, हे सांगायचं मात्र सगळे विसरले. मांडवातला लाल गालिचा दहा फूट सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी फोन, "नाना, हे वॉरंटीत बसतं का हो?" त्याला काय सांगू, कपाळ!

असो. मुद्दा असा, की दुरुस्त करू की नवीन घेऊ, हा प्रश्न घेऊन माणूस आला की मी तीन गोष्टी बघायचो. इंजिनात दम आहे का? परातीचा पत्रा शाबूत आहे का? सुटे भाग बाजारात मिळतात का? तिन्हीतल्या दोन गोष्टी गेल्या असल्या की मोडीत. कायदा सोपा होता. तो ज्याच्या हातात होता तो मात्र सोपा नव्हता. हॉटेलात मिसळ घ्यावी की साबुदाणा वडा, यातही मी वेटरला दोनदा परत पाठवतो.

आता पत्रातली शाळा. त्र्यंबक रस्त्यावरची निवासी शाळा, मोठं मैदान आणि त्या मैदानावर पुंजाराम. इगतपुरीकडच्या भाताच्या गावातला माणूस. शाळा बांधली जात होती तेव्हा मजूर म्हणून आला आणि माळी म्हणून राहिला. मशीन आलं तेव्हा त्यावर कोण बसणार, असा प्रश्न निघाला. पुंजाराम डाव्या खुब्यातून थोडा लंगडायचा, म्हणून त्यालाच बसवलं. पुढची अकरा वर्षं तो त्यावर होता. त्यानं कापलेलं मैदान गॅलरीतून बघावं! एक पट्टा फिका, एक गडद, अगदी इस्त्री केलेल्या लुगड्यासारखं. बोलायचा कमी. मी सर्व्हिसिंगला गेलो की मशीन पुसून, धुऊन उभं असायचं. सीटवर गोणपाटाची एक घडी ठेवलेली असायची. मी ती उचलून बाजूला ठेवायचो, सीट पुढे कलती करायचो, खालची बॅटरी तपासायचो, पुढे तेल, प्लग, पाती. तासाभरात मोकळा.

चार वर्षांपूर्वी पाऊस सरता सरता शाळेचा फोन आला. मशीन धूर ओकतंय, तेल पितंय, उंच गवतात दम सोडतंय. मी गेलो, सुरू केलं. निळा धूर, आवाजात खडखड. परातीच्या कडेला पत्रा गंजून जाळी झालेली. मी सवयीनं मनात दोन गोष्टींवर फुली मारली. इंजिन गेलं, परात गेली.

शाळेच्या व्यवस्थापिका मॅडम शेडपर्यंत आल्या होत्या. बाई शिस्तीच्या, पण माणूस म्हणून चांगल्या. म्हणाल्या, "नाना, दुरुस्तीत अर्थ असेल तर करू. नसेल तर मैदानाचं काम कंत्राटावर देऊन टाकू. त्यांचं मशीन, त्यांचीच माणसं. पुंजारामला आम्ही काढणार नाही, त्याला गेटवर बसवू. त्याची अजून तीनेक वर्षं राहिलीत. तुमचं लेखी मत द्या, समितीपुढे ठेवते."

गेटवर! ज्यानं हे मैदान राखलं, तो गेटवर वही घेऊन गाड्यांचे नंबर लिहिणार? मी पुंजारामकडे पाहिलं. तो खाली मान घालून फडक्यानं बॉनेट पुसत होता. डोळे ओले होते. ते धुरानं झाले होते की आणखी कशानं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपलं रडतोय असं धरून चाललो.

दोन दिवस मी कागद घेऊन बसलो. दुरुस्त करावं, असं लिहिलं आणि फाडलं, कारण मशीन वार्षिक खेळांच्या ऐन तोंडावर बंद पडलं तर त्याच्यावरही बालंट आणि माझ्यावरही. मोडीत काढावं, असं लिहिलं आणि तेही फाडलं, कारण पुंजारामची खाली घातलेली मान दिसायची. सुमन म्हणाली, "वहीतली पानं संपायच्या आत ठरवा." शेवटी कायद्याला धरून लिहिलं, मशीन मोडीत काढावं. पत्र देऊन आलो.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत गेलो ते लोभापायी. मशीन भंगारात जाणारच, तर त्याची इग्निशन कॉईल काढून ठेवावी, कुठेतरी लागेल. मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. कॉईल असते इंजिनावरच्या पंख्याच्या झाकणाखाली. पुंजाराम शेजारी उभा. मी चार बोल्ट सोडले, झाकण उचललं आणि बोंबला!

आत झेंडू. सुकलेला, काळपट झालेला झेंडू, गवताच्या भुश्शात कालवून गोवरीसारखा थापलेला. इंजिनाला हवा लागावी म्हणून त्याच्या अंगावर ज्या पट्ट्या असतात, त्यातली एक दिसेल तर शपथ. आणि पंख्याच्या मुळाशी गुंडाळलेला दोरा, निळा.

तो दोरा मी ओळखला. सुमन शाळेचे गणवेश शिवते. त्यातला उरलेला निळा दोरा घेऊन ती दर खंडेनवमीला हार ओवते. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. मी माझ्या सर्व्हिसिंगच्या प्रत्येक मशीनला स्वतः जाऊन हार घालायचो. बाकीचे लोक बॉनेटवर घालतात. मी शहाणा! म्हणायचो, पूजा इंजिनाची आहे, पत्र्याची नाही. बॉनेट उघडून हार थेट इंजिनावर, पंख्याच्या जाळीभोवती. शिवाय माझा दंडक, पूजेचा हार हातानं तोडायचा नाही, आपोआप गळू द्यायचा. तो गळत होता, पण खाली कुठला पडतोय? सुकलेल्या पाकळ्यांचा चुरा पंखा आत ओढत होता. अकरा वर्षांचे अकरा हार. खरं तर ते झाकण वर्षातून एकदा काढून आतली सफाई करायची असते. मी करत नव्हतो. चार बोल्टचा कंटाळा, दुसरं काय!

हवा मिळेना म्हणून इंजिन तापत गेलं आणि हेडखालची, म्हणजे इंजिनाच्या टोपणाखालची, पातळ गॅस्केट जळाली. त्यातून तेल जाऊन धूर येत होता. रिंगा, सिलिंडर, सगळं जागच्या जागी. गॅस्केट बदलली, साफसफाई केली की इंजिन ठणठणीत! परातीला वेल्डिंगनं पट्टी मारता आली असती. म्हणजे मी जिवंत माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करून बसलो होतो. आणि आजार दिलेलाही मीच.

पुंजाराम वाकून बघत होता. म्हणाला, "नाना, हे आपलेच हार ना?" मी मान हलवली. त्याच्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. झाकण परत लावलं असतं, चार बोल्ट आवळले असते, विषय संपला असता. चाळीस वर्षांचं नाव होतं हो माझं! मी तसाच घरी आलो. सुमननं खोदून खोदून विचारलं, मग सांगितलं. ती शिलाई मशीनवरून उठलीच नाही. म्हणाली, "दोरा माझा आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी जाऊन सांगेन."

समितीची बैठक शनिवारी होती. मी तो निळा दोरा आणि मूठभर काळा झेंडू कागदावर घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. हार मी घातले, झाकण मी उघडलं नाही, निदान मी चुकीचं केलं, मशीन माझ्या हातून मरता मरता वाचलं. बोलता बोलता मला चेवच चढला. पुंजाराम दाराशी उभा होता. त्याच्याकडे बोट करून मी म्हणालो, "आणि हा माणूस गेटवर बसणार नाही! याची जागा मैदानात आहे!" टाळ्या वाजल्या. एका सदस्यांनी चष्मा काढून पुसला. मॅडम म्हणाल्या, "नाना, असं कबूल करायला छाती लागते." ठराव झाला. मशीन दुरुस्त करायचं, पुंजाराम मैदानावरच राहणार. पुंजारामनं मला हात जोडले. मी त्याला म्हटलं, "अरे वेड्या, हात कसले जोडतोस?"

त्यानंतर मशीन तीन वर्षं बिनतक्रार चाललं. मी दर वर्षी झाकण उघडलं. हार बॉनेटवर घालू लागलो आणि दुसऱ्या दिवशी काढायला सांगू लागलो. गोणपाट उचलून बाजूला, सीट कलती, बॅटरी, तेल, प्लग. ही गोष्ट मी शंभर जणांना तरी सांगितली असेल. चूक सांगत होतो, पण सांगताना कॉलर ताठ व्हायची. एका माणसाची जागा वाचवली, याचा मला माझ्या सगळ्या कामांपेक्षा जास्त अभिमान होता. गेल्या वर्षी पुंजाराम निवृत्त होऊन गावी गेला. निरोपाच्या दिवशी त्याला गाडीपर्यंत दोघांनी धरून नेलं. मला वाटलं, मैदान सोडताना पाय निघत नाहीये बिचाऱ्याचा.

आणि आता हे पत्र. परात पुन्हा गंजली आहे, सुटे भाग मिळायची मारामार, पण इंजिन एकदम टकाटक. माझ्या कायद्याप्रमाणे मोडीत. पण याच मशीनच्या बाबतीत त्या कायद्यानं माझं तोंड फोडलंय. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. अठरा दिवसांतल्या पंधराव्या दिवशी मला सुचलं, पुंजारामलाच विचारू. अकरा आणि तीन, चौदा वर्षं बसलाय त्यावर. बस पकडली आणि इगतपुरी गाठली. तिथून रिक्षानं त्याच्या गावी. बांधापर्यंत पाणी, सगळीकडे भात. पुंजाराम ओट्यावर खुर्चीत बसला होता. शेजारी काठी. मला बघून उठायला गेला आणि त्याला उठता येईना.

"बस, बस," मी म्हटलं. "काय झालं रे?"

"खुबा पार गेला, नाना. डॉक्टर म्हनतो, बदलावा लागंल."

चहा झाला. मी पत्राची गोष्ट काढली. "तू सांग. दुरुस्त करू का नवीन घ्यायला सांगू? तुझ्याइतकं ते मशीन कोणाला माहीत नाही."

त्यानं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "एक बोलू का? राग नाय ना धरनार?"

"बोल की."

"मला तवा गेटवर बसायचं हुतं, नाना."

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हणालो, "कधी?"

"तवाच. मॅडम गेट म्हनल्या तवा मला लय बरं वाटलं. सुटलो म्हनलं. खुर्ची हाय, सावली हाय. त्या मशीनवर बसून बसून खुब्यात आग पडायची. घरी गेलो की बायको शेक द्यायची."

"मग बोलला का नाहीस? समितीपुढे दाराशी उभा होतास की!"

"कसा बोलनार? एवढ्या मोठ्या मान्सांत तुम्ही सोताच्या तोंडानं सोताची चूक सांगितली. माझ्यासाठी. आन् मी म्हनू, नको, मला गेटच बरं? तुमची काय इज्जत ऱ्हायली असती?"

माझी इज्जत राखायला हा माणूस तीन वर्षं आगीवर बसला होता.

पुंजाराम मलाच धीर देत म्हणाला, "इंजिन चांगलं केलं तुम्ही, त्यात काय नाय. सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा तेवढ्या तुटलेल्या. समदा हादरा वर यायचा."

"कधीपासून?"

"लय वर्सं झाली."

"अरे, मग मला सांगायचंस ना!"

"सांगायचं काय, नाना? म्हनून तर गोनपाट टाकायचो. तुम्ही दर टायमाला ते उचलून बाजूला ठेवायचे. मला वाटलं, तुमाला दिसतंय."

परतीच्या बसमध्ये मी काय विचार केला, ते मला सांगता येणार नाही. नुसता गोंधळ. सीट कलती करून मी बॅटरी बघत होतो, म्हणजे त्या स्प्रिंगा माझ्या नाकासमोर होत्या. चौदा वर्षं! इंजिनाला विचारलं, परातीला विचारलं, बाजारात सुट्या भागांना विचारलं. वर बसणाऱ्याला एकदाही विचारलं नाही. आणि ज्या दिवशी त्याच्या बाजूनं बोललो, त्या दिवशी तर त्याचं तोंडच बंद केलं. मग मी त्याचं भलं केलं की वाटोळं? समितीपुढे खरं बोललो ते चुकलं का? तेही चुकलं म्हणवत नाही. सुमनला विचारलं, तर तिनं शिवण खाली ठेवलं आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. आता मशीन मंदाबाई चालवतात. आधी मैदानातलं तण काढायच्या, पुंजारामनंच त्यांना शिकवलं. सीटवर तीच गोणपाटाची घडी. मी ती काढली आणि म्हटलं, "बाई, आज मी बसतो." सगळ्या आयुष्यात मी ही मशीनं शेडपासून फाटकापर्यंत चालवली होती, त्यापुढे कधी नाही. मैदानाला एक पूर्ण चक्कर मारली. उतरलो तेव्हा मला सरळ उभं राहता येईना. एका चक्करीत! पुंजाराम रोज तीन-तीन तास बसायचा. मी शेडमागे गेलो आणि खरं सांगतो, रडलो.

मग विचारलं, "मंदाबाई, दुरुस्त करू का नवीन घ्यायला सांगू? तुम्हाला काय पाहिजे?"

त्या आधी मागे वळून पाहायला लागल्या, मी दुसऱ्याच कोणाशी बोलतोय की काय. मग म्हणाल्या, "मला? मला काय कळतंय मशीनमधलं, नाना? पाठ दुखली नाही म्हणजे झालं."

स्प्रिंगा सातपूरला पहिल्याच दुकानात मिळाल्या. बसवायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास गंजलेला बोल्ट सोडवण्यात गेला. मंदाबाई बसल्या, गोलपोस्टपर्यंत जाऊन आल्या आणि उतरून म्हणाल्या, "अगंबाई, हे तर नवीनच वाटतंय!"

शाळेच्या पत्राचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते गोणपाट घरी आणलंय आणि गॅलरीत वाळत घातलंय. सुमन काल विचारत होती, याचं काय करायचं, ठेवायचं की टाकायचं? मी म्हटलं, थांब जरा, मला विचार करू दे.